वर्गसमीकरणातलं खोडलेलं उत्तर: ‘उणे एक सेकंद’ म्हणजे नेमकं काय?

“परंतु काळ ऋण असू शकत नाही. म्हणून क्ष = −१ हे उत्तर अमान्य.”

दहावीच्या बीजगणिताच्या पेपरात हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी लिहिलंय. कधी काळाच्या जागी लांबी असते, कधी वय, कधी मजुरांची संख्या. वर्गसमीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात. एक ठेवायचं, दुसरं खोडायचं, खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

पण ते दुसरं उत्तर आलं कुठून? आपण तर समीकरण बरोबर मांडलं होतं. मग गणितानं नको असलेलं उत्तर आपल्या हातात का दिलं?

हा प्रश्न वाटतो तेवढा बालिश नाही. गणिताच्या इतिहासात जेव्हा जेव्हा कुणी खोडलेल्या उत्तराकडे पुन्हा वळून पाहिलं, तेव्हा तेव्हा नवं काहीतरी हाती लागलं. कसं, ते समजून घेऊया.

आधी उजळणी

ज्या समीकरणात अज्ञात संख्येचा वर्ग येतो आणि त्यापेक्षा मोठा घात येत नाही, ते वर्गसमीकरण. त्याचं सामान्य रूप असं:

अ·क्ष² + ब·क्ष + क = ०

इथे ‘अ’ शून्य नसतो. उत्तर काढायचं सूत्र बहुतेकांना अजूनही पाठ असेल:

क्ष = (−ब ± √(ब² − ४·अ·क)) ÷ (२·अ)

वर्गमुळाच्या आत जे आहे, म्हणजे ब² − ४·अ·क, त्याला पाठ्यपुस्तकात ‘विवेचक’ म्हणतात. तो धन असेल तर दोन वेगवेगळी उत्तरं मिळतात. शून्य असेल तर दोन्ही उत्तरं एकच होतात. ऋण असेल तर ‘वास्तव उत्तर नाही’ असं लिहून आपण मोकळे होतो.

दोन उत्तरं येण्याचं कारण त्या ± चिन्हात आहे. ३ चा वर्ग ९ आणि −३ चा वर्गही ९. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं. उलट मागे जाताना मूळ चिन्ह कोणतं होतं हे गणिताला कळत नाही, म्हणून ते दोन्ही शक्यता समोर ठेवतं.

टाकीवरचा चेंडू

समजा, गावातली पाण्याची टाकी १५ मीटर उंच आहे. वरून कुणीतरी चेंडू सेकंदाला १० मीटर वेगानं सरळ वर फेकला. तो जमिनीवर कधी पडेल? गुरुत्वाचं त्वरण सोयीसाठी १० धरू आणि हवेचा विरोध सोडून देऊ. क्ष सेकंदांनी चेंडूची उंची १५ + १०क्ष − ५क्ष² इतकी असेल. जमिनीवर उंची शून्य, म्हणून:

क्ष² − २क्ष − ३ = ०

याची दोन उत्तरं: ३ आणि −१. चेंडू ३ सेकंदांनी पडतो. उणे एक सेकंद खोडून टाकायचं.

खोडण्याआधी क्षणभर थांबा. समजा टाकीवर कुणी नव्हतंच. त्याऐवजी एक सेकंद आधी खाली जमिनीवरून कुणीतरी चेंडू सेकंदाला २० मीटर वेगानं वर फेकला. वर जाताना त्याचा वेग कमी होत जाईल. बरोबर एका सेकंदानं तो टाकीच्या उंचीवर, म्हणजे १५ मीटरवर पोहोचेल आणि तिथे त्याचा वेग उरलेला असेल १० मीटर.

म्हणजे टाकीवरून फेकलेला चेंडू आणि जमिनीवरून आलेला हा चेंडू यांचा पुढचा प्रवास तंतोतंत सारखा. समीकरणाला टाकी माहीत नाही आणि फेकणारा माणूसही माहीत नाही. त्याला फक्त चेंडूची वाट माहीत आहे. ती वाट मागे नेली तर जमिनीला जिथे भेटते, तो क्षण म्हणजे उणे एक सेकंद.

आणखी एक गंमत. −१ आणि ३ यांच्या बरोबर मधोमध येतो १. चेंडू सर्वांत उंच, म्हणजे २० मीटरवर, नेमका पहिल्या सेकंदाला असतो. जे उत्तर आपण फेकून देत होतो, त्याच्या मदतीनं सर्वोच्च बिंदू सापडला.

जाळी १०० मीटर, जागा किती?

आता शेतात येऊ. राहुरीच्या एखाद्या शेतकऱ्याकडे १०० मीटर तारेची जाळी आहे आणि त्याला रोपवाटिकेसाठी आयताकृती जागा घेरायची आहे. लांबी आणि रुंदी मिळून ५० मीटर होणार. लांबी क्ष असेल, तर रुंदी ५० − क्ष आणि क्षेत्रफळ क्ष(५० − क्ष).

६०० चौरस मीटर जागा हवी असेल तर उत्तरं येतात २० आणि ३०. इथे दोन्ही उत्तरं खरी आहेत. एक लांबी आहे, दुसरी रुंदी.

६२५ चौरस मीटर हवी असेल तर विवेचक शून्य होतो आणि एकच उत्तर येतं: २५. म्हणजे चौरस.

७०० चौरस मीटर मागितले तर विवेचक येतो २५०० − २८००, म्हणजे −३००. उत्तर नाही. विवेचक इथे सांगतोय की एवढ्या जाळीत एवढी जागा घेरताच येणार नाही. सगळ्यात जास्त जागा हवी तर चौरस करा.

याचा आलेख काढला तर उलट्या टोपलीसारखी वक्ररेषा मिळते. तिला ‘अन्वस्त’ म्हणतात. जाळीच्या गणितात तिचा माथा ६२५ वर आहे. ६०० ची आडवी रेघ तिला दोन ठिकाणी कापते, ६२५ ची रेघ फक्त स्पर्श करते आणि ७०० ची रेघ वरून निघून जाते. ‘जास्तीत जास्त किती’ हा प्रश्न पुढे कॅल्क्युलसचा, म्हणजे कलनाचा प्रश्न होतो. त्याची पहिली झलक दहावीतच दिसते.

हीच वक्ररेषा तुम्हाला अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद इथेही दिसेल. तिथल्या ‘जीएमआरटी’ या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. अन्वस्त स्वतःच्या अक्षाभोवती फिरवला की जो वाडग्यासारखा आकार तयार होतो, तो या तबकड्यांचा आकार. त्याचा गुण असा, की समोरून सरळ येणाऱ्या सगळ्या लहरी परावर्तित होऊन एकाच बिंदूवर जमतात.

रणगाड्याचं एक उत्तर, उखळी तोफेचं दुसरं

अहिल्यानगर म्हणजे रणगाड्यांचं शहर. लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथेच आहे आणि इथलं रणगाडा संग्रहालय पाहायला लांबून लोक येतात. त्या तोफांच्या गणितातही हेच समीकरण लपलंय.

हवेचा विरोध बाजूला ठेवला तर तोफगोळ्याची वाट अन्वस्ताकार असते. गोळ्याचा वेग ठरलेला आहे, लक्ष्य किती लांब आहे ते माहीत आहे, तर नळी किती अंशांवर ठेवायची? हा प्रश्न मांडला की वर्गसमीकरण तयार होतं आणि पल्ल्याच्या आतल्या लक्ष्यासाठी दोन कोन मिळतात. सपाट जमिनीवर या दोन कोनांची बेरीज ९० अंश होते. एक १५ अंश असेल तर दुसरा ७५ अंश.

रणगाडा लहान कोन निवडतो, कारण त्याला समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर कमीत कमी वेळात मारा करायचा असतो. डोंगराआडच्या लक्ष्यावर मारा करणारी उखळी तोफ मोठा कोन निवडते, म्हणजे गोळा उंच जाऊन वरून खाली पडतो. एकाच समीकरणातून रणगाड्यानं खोडलेलं उत्तर उखळी तोफेनं उचललं.

लक्ष्य पल्ल्याच्या अगदी टोकाला असेल तर एकच उत्तर उरतं: ४५ अंश. त्याही पलीकडे असेल तर विवेचक ऋण. जाळीच्या उदाहरणातले तिन्ही प्रकार इथे जसेच्या तसे परत आले.

पाटणादेवी आणि माकडांची टोळी

‘कोणतं उत्तर ठेवायचं’ हा पेच जुना आहे आणि त्याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

अहिल्यानगरहून रेल्वेनं मनमाडमार्गे चाळीसगावला जाता येतं. तिथून पुढे गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. इथे यादवकाळातला एक शिलालेख सापडला, साधारण १२०७ सालचा. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. वर्गसमीकरण सोडवताना त्यांनी आपल्याआधीच्या श्रीधराचार्यांची रीत त्यांचं नाव घेऊन सांगितली आहे. दोन्ही बाजूंना ‘अ’च्या चौपटीनं गुणा, ‘ब’चा वर्ग मिळवा, की डावीकडे पूर्ण वर्ग तयार. आपलं पाठ केलेलं सूत्र यातूनच निघतं.

‘बीजगणिता’त माकडांची दोन कोडी आहेत.

पहिलं असं. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग जितका, तितकी माकडं रानात खेळतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण माकडं किती? समीकरण सोडवलं की उत्तरं येतात ४८ आणि १६. ताळा करून पाहा. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ बरोबर ४८. तसंच १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ बरोबर १६. दोन्ही खरी, आणि भास्कराचार्य दोन्ही देतात.

दुसरं कोडं असं. टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. एकूण किती? उत्तरं ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा भाग होतो १ आणि त्यातून ३ वजा केले की उरतात −२. वर्ग केला की ४ येतात, ताळाही जुळतो. तरीही भास्कराचार्य हे उत्तर घेत नाहीत. त्यांचं कारण मोठं प्रामाणिक आहे: अशा ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही.

ते गणित चुकलं असं म्हणत नाहीत. लोकांना पटणार नाही, असं म्हणतात. ऋण संख्यांचे नियम तर ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येच लिहून ठेवले होते. प्रश्न विश्वासाचा होता.

जमिनीचा तुकडा आणि हरवलेलं −१३

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यानं हाच विषय आकृत्यांनी सोडवला. त्याचं गाजलेलं उदाहरण: क्ष² + १०क्ष = ३९.

क्ष बाजूचा चौरस प्लॉट डोळ्यांसमोर आणा. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना ५ रुंदीची एकेक पट्टी जोडा. एकूण क्षेत्रफळ झालं ३९. आता कोपऱ्यात ५ × ५ चा एक तुकडा कमी पडतोय. तो २५ चा तुकडा भरला की पूर्ण चौरस तयार, क्षेत्रफळ ६४, बाजू ८. म्हणून क्ष = ३. शाळेत ज्याला ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणतात ती हीच.

पण सूत्रानं सोडवलं तर −१३ हेही उत्तर येतं. अल-ख्वारिझ्मीकडे ते नाही, कारण उणे तेरा लांबीचा प्लॉट काढता येत नाही. आकृतीनं रीत समजावली आणि त्याच आकृतीनं अर्ध उत्तर झाकलंही.

‘नाही’ या उत्तराच्या पलीकडे

ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, असं भास्कराचार्यांनीही लिहिलं आहे. १५४५ मध्ये इटलीत कार्डानोनं एक प्रश्न घातला: १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० येईल.

ओळखीचं वाटतंय ना? हा आपल्या जाळीचाच प्रश्न. बेरीज १०, तर जास्तीत जास्त गुणाकार २५. त्यामुळे ४० अशक्य. कार्डानोनं तरीही सूत्र चालवलं आणि लिहिलं: ५ + √−१५ आणि ५ − √−१५. बेरीज १०, गुणाकार ४०. ताळा जुळतो! पण हे निरुपयोगी आहे, असंच त्याचं मत झालं.

१५७२ मध्ये बोंबेल्लीनं दाखवलं की घनसमीकरणं सोडवताना वाटेत अशा ‘अशक्य’ संख्या घ्याव्या लागतात आणि शेवटी त्या एकमेकींना छेदून अगदी साधं, खरं उत्तर बाहेर येतं. यातूनच पुढे √−१ ला स्वीकारणाऱ्या संमिश्र संख्या उभ्या राहिल्या.

त्या आज कुठे लागतात? शेतातल्या मोटरपंपाचाच विचार करा. एसी विजेत व्होल्टेज आणि करंट यांचे चढउतार एकाच क्षणी होत नाहीत, एक थोडा मागे राहतो. पंपाला कपॅसिटर बसवा असं सांगतात ते याचसाठी. हा मागे-पुढेपणा मोजायला विद्युत अभियंते संमिश्र संख्याच वापरतात.

दुसरं उदाहरण दुचाकीच्या शॉकअपचं. खड्ड्यातून गाडी गेली की सीट दोन-चार वेळा वर-खाली हलते की गपकन स्थिरावते? या हालचालीचं गणित मांडलं की पोटात एक वर्गसमीकरण निघतं. त्याचा विवेचक ऋण असेल तर गाडी डुलत डुलत थांबते. धन असेल तर न डुलता, हळूहळू मूळ जागी येते. दहावीत ज्याला आपण ‘उत्तर नाही’ म्हणालो, त्याचा इथला अर्थ ‘हेलकावे आहेत’ असा होतो.

−०.६१८ वाचून अडलेलं काम

१, १, २, ३, ५, ८, १३… प्रत्येक संख्या ही आधीच्या दोघींची बेरीज. जग या मालिकेला फिबोनाची म्हणतं. पण लघु-गुरूच्या मात्रा मोजताना भारतीय छंदशास्त्रकारांना ती आधीपासून ठाऊक होती. भास्कराचार्यांचे समकालीन हेमचंद्र हे त्यांपैकीच एक.

या मालिकेच्या मुळाशी समीकरण आहे क्ष² = क्ष + १. उत्तरं: सुमारे १.६१८ आणि −०.६१८. पहिल्याला ‘सुवर्ण गुणोत्तर’ म्हणून डोक्यावर घेतलं जातं. दुसरं कुणाला आठवतही नाही.

पण मालिकेतली पाचवी संख्या थेट काढायची असेल तर? १.६१८ चा पाचवा घात सुमारे ११.०९. त्याला √५ नं, म्हणजे २.२३६ नं भागलं तर येतात ४.९६. जवळपास, पण अचूक नाही. आता −०.६१८ चा पाचवा घात घ्या: सुमारे −०.०९. तो वजा केला की ११.१८, आणि भागाकार बरोबर ५. ही रीत मालिकेतल्या प्रत्येक संख्येला लागू पडते. विसरलेल्या उत्तराशिवाय हिशोब पुरा होत नाही.

कधी कधी मुद्दाम खोडायचं

याच्या उलटही घडतं. समजा समीकरण आहे ६१क्ष² + १ = य² आणि आपण ठरवलं की फक्त धन पूर्णांक उत्तरं चालतील. अपूर्णांकही नकोत, अपरिमेय संख्याही नकोत. आता काम भयंकर अवघड होतं. सगळ्यात लहान उत्तर आहे:

क्ष = २२,६१,५३,९८०
य = १,७६,६३,१९,०४९

भास्कराचार्यांनी ‘चक्रवाल’ पद्धतीनं हे उत्तर ११५० मध्ये, अवघ्या काही पायऱ्यांत काढलं होतं. १६५७ मध्ये फ्रान्समध्ये फर्मानं नेमकं हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून घातलं. भास्कराचार्यांचं काम त्याला माहीत नव्हतं. पूर्णांकांतली उत्तरं शोधणारी ही शाखा म्हणजे अंकशास्त्र.

दोन मुळांची अदलाबदल

शेवटचा फाटा सर्वांत खोल जातो. क्ष² − ५क्ष + ६ = ० ची मुळं २ आणि ३. बेरीज ५, गुणाकार ६, म्हणजे समीकरणातलेच आकडे. २ आणि ३ यांची अदलाबदल केली तरी बेरीज आणि गुणाकार तेच राहतात. समीकरणाला मुळांतली पहिली कोण आणि दुसरी कोण, हे सांगताच येत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांसाठी सोळाव्या शतकात सूत्रं सापडली. पाचव्या घाताचं मात्र सापडेना. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळं काढणं एवढ्याच साधनांनी असं सामान्य सूत्र बनूच शकत नाही, हे आबेलनं १८२४ मध्ये सिद्ध केलं. ‘का नाही’ हे गाल्वानं मुळांच्या अदलाबदलीचा अभ्यास करून उलगडलं. १८३२ मध्ये एका द्वंद्वात तो गेला, तेव्हा तो जेमतेम २० वर्षांचा होता. त्याच्या कल्पनांवर उभी राहिलेली शाखा म्हणजे ग्रुप थिअरी.

मग परीक्षेत काय लिहायचं?

परीक्षेत तेच लिहायचं: “परंतु काळ ऋण असू शकत नाही.” ते वाक्य चुकीचं नाही. प्रश्न टाकीवरून फेकलेल्या चेंडूचा असेल तर उत्तर ३ सेकंदच, आणि अट लिहिली नाही तर गुणही जातील.

फक्त खोडण्याआधी बाजूला कच्च्या कामाच्या जागेत एक प्रश्न विचारून पाहा: हे उत्तर चुकीचं आहे, की ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे? भास्कराचार्यांना ५ माकडांचं उत्तर दिसलं होतं, लोकांना ते पटणार नाही एवढंच त्यांनी नोंदवलं. आज थंडीत उणे तापमान आणि ओव्हरड्राफ्टमधली उणे शिल्लक आपण सहज वाचतो. विश्वास बसायला वेळ लागला, इतकंच.